फादर जुन्या गुलमोहरात गेले

आमच्या नव्या घराला फादरांनी पहिल्यांदा आशीर्वाद दिला, तेव्हा ते घर आमचं नव्हतं.

यात चूक कोणाची, यावर आमच्या कुटुंबात एकमत आहे. माझी. मी स्वतः अजून विचार करतेय.

मी फिलोमिना. उत्तनच्या शाळेत तेहेतीस वर्षं मराठी शिकवलं. त्यामुळे मला दोन सवयी लागल्या. एक म्हणजे मी बोलते तेव्हा समोरच्यानं हाताची घडी घालून ऐकावं असं मला वाटतं. दुसरी म्हणजे मी चुकत नाही. (चुकते, पण ते इतरांच्या लक्षात यायला वेळ लागतो, तोवर तास संपलेला असतो.)

माझे यजमान आगुस्तीन यांनी चाळीस वर्षं होडी चालवली. होडीच्या इंजिनापाशी बसून बसून त्यांना उजव्या कानानं कमी ऐकू येतं. डाव्या कानानं नीट येतं, पण मी नेहमी उजव्या बाजूला बसते हे त्यांनी लग्नानंतर लगेच ठरवून टाकलंय.

गेल्या वर्षी एका रविवारी दुपारी जेवता जेवता त्यांच्या छातीत दुखायला लागलं. रविवारची दुपार म्हणजे उत्तनच्या रस्त्यावर समुद्र बघायला आलेल्या गाड्यांची रांग. भाईंदरच्या हॉस्पिटलात पोचायला दीड तास लागला. आमचा मुलगा नेल्सन गाडी चालवत होता. मी मागे आगुस्तीनचं डोकं मांडीवर घेऊन रोझरी म्हणत होते, आणि ते मधूनमधून डोळे उघडून सांगत होते की माळेतलं हे रहस्य झालं, तू परत तेच म्हणतेस. माझ्या बोटांतले मणी पुढे सरकतच नव्हते. इतकी वर्षं मुलांना ‘भीतीने गाळण उडणे’चा वाक्यात उपयोग करायला लावला, अर्थ मला त्या दिवशी कळला.

डॉक्टरांनी दोन स्प्रिंगा बसवल्या. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी मी जाहीर केलं की आपण उत्तन सोडून मिरा रोडला राहायला जायचं. नेल्सन आणि सून लविना सिल्व्हर पार्कला राहतात, त्यांच्याच इमारतीत दुसऱ्या विंगमध्ये सहाव्या मजल्यावर एक फ्लॅट भाड्यानं मिळत होता. लिफ्ट होती, दहा मिनिटांवर हॉस्पिटल होतं, खाली दूध, औषधं, भाजी. मी सगळे मुद्दे फळ्यावर लिहावे तसे एकेक करून मांडले.

आगुस्तीननं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तू जा. मी हाय इथं.”

महिनाभर मी समजावलं, नेल्सननं समजावलं, डॉक्टरांनी समजावलं. शेवटी ते एका अटीवर तयार झाले. नव्या घराला फादरांचा आशीर्वाद मिळाल्याशिवाय ते तिथे रात्री झोपणार नाहीत. मला वाटलं, एवढंच ना? पण नव्या धर्मग्रामातले, म्हणजे इथल्या चर्चचे, फादर फार कामात होते. त्यांनी दोन आठवड्यांनंतरची तारीख दिली. मी सामान हलवून बसले होते. त्यामुळे त्या दोन आठवड्यांत आमचं बिऱ्हाड सिल्व्हर पार्कला आणि नवरा उत्तनला अशी व्यवस्था झाली. आगुस्तीन रोज सकाळी बसनं यायचे, पाहुण्यासारखे खुर्चीच्या कडेवर बसायचे, जेवायचे, “बरं झालं होतं कालवण,” असं परक्यासारखं म्हणायचे आणि चार वाजता पिशवी उचलून निघायचे. ती कापडी पिशवी त्यांनी एकदाही रिकामी केली नाही. दोन शर्ट, औषधं, टॉवेल, सगळं तिच्यातच. समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंना तर ते विमा एजंट वाटले होते.

घराच्या आशीर्वादाचा दिवस शनिवार ठरला. वेळ सकाळी अकराची. नेल्सन म्हणाला, “मम्मी, फादरना लोकेशन पाठवतो.”

मी म्हटलं, काही गरज नाही. पत्ता लिहिता येत नाही म्हणून लोक लोकेशन पाठवतात. मी पत्रलेखन शिकवलेली बाई आहे.

मी स्वतः फादरांना मोबाइलवर संदेश लिहिला. इथे थोडी भौगोलिक माहिती द्यायला हवी. आमच्या इमारतीचं नाव न्यू गुलमोहर. तिच्या शेजारी, मध्ये एक भिंत आणि एक मेडिकल सोडून, जुनी इमारत आहे. तिचं नाव गुलमोहर. दोन्हींना सी विंग आहे. दोन्हींत सहाशे चार नंबर आहे. मी लिहिलं: ‘गुलमोहर, सी विंग, सहाशे चार.’ आधी मी ‘न्यू’ लिहिलं होतं. पण मराठी वाक्यात तो इंग्रजी शब्द खड्यासारखा लागत होता, म्हणून खोडला. घर नवीन आहे हे फादरांना माहीतच होतं, नाहीतर ते आशीर्वाद द्यायला कशाला आले असते?

खाली मी आणखी एक ओळ जोडली: ‘घरात एक वयस्कर माणूस आहे. थोडे हट्टी, ऐकूही कमी येते. कृपया सांभाळून घ्यावे.’

या दुसऱ्या ओळीनं सगळा घोटाळा पक्का केला.

शनिवारी दहा वाजता उत्तनहून टेंपो भरून माणसं आली. आगुस्तीनची बहीण रोझी पुढच्या सीटवर, मांडीवर सोरपोतेलचं, म्हणजे डुकराच्या मटणाचं, पातेलं. मागे भाऊबंद, शेजारी, फुग्यांच्या (आमच्या तळलेल्या गोल पावांच्या) दोन टोपल्या आणि आमच्या जुन्या घरातली पवित्र मरियेची मूर्ती, जी आगुस्तीननं दुसऱ्या कोणाच्या हातात दिली नव्हती. दोन खोल्यांत तीस माणसं मावली. मी प्रत्येकाला कुठे बसायचं ते सांगितलं. आगुस्तीन इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून दाराशी उभे होते. मूर्ती टेबलावर ठेवली, मेणबत्त्या लावल्या, आणि आम्ही फादरांची वाट बघू लागलो.

सव्वाअकरा झाले. मी म्हटलं, ट्रॅफिक असेल.

साडेअकराला मेणबत्त्या अर्ध्या झाल्या. रोझीनं विचारलं की फादरांना पत्ता कोणी दिला. मी म्हटलं, मी दिला. त्यावर ती “मग काय प्रश्नच न्हाय” म्हणाली, पण ज्या सुरात म्हणाली तो सूर मला आवडला नाही.

पावणेबारा वाजता नेल्सन गॅलरीत जाऊन फादरांना फोन लावू लागला. रिंग जात होती, कोणी उचलत नव्हतं. लोक भुकेले झाले होते. पातेल्यातल्या वासामुळे प्रार्थनेत कोणाचं लक्ष लागत नव्हतं. रोझीनं वेळ काढायला एक गीत सुरू केलं. ते लांबलचक गीत संपलं, तरी फादर नाहीत.

तेव्हा आगुस्तीन दारापासून हलले. कोपऱ्यातली पिशवी उचलली, खांद्याला लावली आणि माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, “फिलू, देवाच्या मनात न्हाय. मला टेंपोत जागा हाय.”

ते रागावले असते तर मी भांडले असते. भांडणात मला कोणी हरवलेलं नाही. पण त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरोखर वाटत होतं की देवानं उत्तर दिलं. आयुष्यभर त्यांनी असंच केलंय. वारा फिरला की जाळी गोळा करून परत यायचं, त्याच्याशी वाद घालायचा नाही. आणि मला त्या क्षणी ती रविवारची दुपार दिसली, गाड्यांची रांग, आणि हातातले न सरकणारे मणी. ते आज परत गेले तर पुन्हा येणार नाहीत, हे मला कळत होतं.

“पाच मिनिटं थांबा,” मी म्हटलं. “फक्त पाच मिनिटं. मी फादरांना घेऊन येते.”

कुठून घेऊन येणार हे मला माहीत नव्हतं. पण मी शिक्षिकेच्या आवाजात म्हटलं, त्यामुळे सगळ्यांनी विश्वास ठेवला.

खाली वॉचमनला विचारलं. त्यानं खुर्चीतून न उठता सांगितलं, “वो सफेद चोगावाले? स्कूटर पे आये थे. बाजूवाली बिल्डिंग में गये, पुराने गुलमोहर में. आधा घंटा बैठे, फिर निकल गये.”

मी मेडिकलच्या पायरीवर बसले. मग उठले, कारण दुकानदार ग्लुकोजची पुडी घेऊन बाहेर यायला लागला होता.

जुन्या गुलमोहरात सी विंगला लिफ्ट बंद होती. सहा मजले. गुडघेदुखीमुळे उत्तनच्या घराच्या अकरा पायऱ्याही मला नको वाटायच्या, आणि आता शंभरेक पायऱ्या चढत होते. वर पोचले तेव्हा सहाशे चारचं दार सताड उघडं होतं. आत सगळं सामान भिंतीपासून पुढे ओढलेलं, कपाटांवर चादरी, स्वयंपाकघरातली भांडी बाहेर. मधोमध पाटावर एक ऐंशीच्या घरातल्या आजी बसल्या होत्या, नऊवारी नेसलेल्या, चेहरा प्रसन्न.

“या,” त्या म्हणाल्या. “तुमच्याकडे पण करायचंय का? फार चांगला माणूस आहे हो. नंबर देते.”

पुढचा प्रसंग मी आजींकडून ऐकला आणि मग फादरांकडून. दोघांच्या हकिकतीत एकाही शब्दाचा फरक नाही. फरक आहे तो अर्थाचा.

या आजींचं नाव शेवंतीबाई शिगवण. मूळच्या रत्नागिरीच्या बाजूच्या. मुलगा आणि सून कामावर जातात. त्या दिवशी सुनेनं झुरळांचं औषध मारायला माणूस बोलावला होता, म्हणून घर असं उघडं टाकलेलं. देव्हाऱ्यावरसुद्धा धुतलेलं धोतर झाकलेलं. आजींना कमी ऐकू येतं. बरोबर अकरा वाजता बेल वाजली. दारात पांढऱ्या झग्यातला तरुण माणूस, हातात पाण्याची बाटली.

“मी फादर,” तो म्हणाला.

“फवारा? या, या. सकाळपासून वाट बघतेय.”

फादर रॉनी आमच्या भागात नवेच आले होते. समोर म्हातारं माणूस, ऐकायला कमी, घर अजून लागलेलं नाही. माझ्या संदेशाबरहुकूम सगळं जुळत होतं. त्यांनी सांभाळून घ्यायला सुरुवात केली. घरातली बाकीची माणसं कुठे आहेत असं त्यांनी विचारलं. आजी म्हणाल्या की सगळे संध्याकाळी येतील, या वेळी घरात कोणी थांबायचं नसतं. फादरांना वाटलं, उत्तनची काहीतरी जुनी रीत असेल.

त्यांनी प्रार्थना सुरू केली आणि पाणी शिंपडायला लागले. आजींनी थोडा वेळ बघितलं, मग त्यांना राहवेना.

“असं वरवर नको. कपाटाखाली मारा. तिकडे फार आहेत.”

फादर गुडघ्यावर बसले आणि कपाटाखाली शिंपडलं. पुढे आजींनी त्यांना मोरीत नेलं, सिंकखाली नेलं, फ्रिजच्या मागे नेलं. नाला जातो तिथे दोनदा मारायला लावलं. इतक्या बारकाईनं आशीर्वाद मागणारं कुटुंब फादरांनी पाहिलं नव्हतं. त्यांना भरून आलं.

“वास येत नाही हो याला,” आजी म्हणाल्या.

“पाणीच आहे, आजी. थोडं मीठ घातलंय.”

“मिठानं जातात?”

“जे जे वाईट आहे ते सगळं निघून जातं.”

“आणि पिल्लं?”

फादरांना वाटलं, आजी नातवंडांबद्दल विचारतायत. ते म्हणाले, “पिल्लांवर तर सगळ्यात आधी परिणाम होतो.”

आजी निर्धास्त झाल्या. झाकलेल्या देव्हाऱ्यापाशी आल्यावर फादरांना वाटलं की ही आमची वेदी, समारंभासाठी झाकून ठेवलेली. तिथे त्यांनी खास थांबून, डोळे मिटून प्रार्थना केली. आजींना हे फार आवडलं. याआधी आलेल्या औषधवाल्यानं चपला घालून देवापाशी फवारलं होतं.

नंतर आजींनी चहा केला. फादर बसले. त्यांनी जेवण जातं का, झोप लागते का, सगळं विचारलं. जाताना डोक्यावर हात ठेवला. बारा वाजता त्यांना गोडदेवला एका अंत्यविधीला पोचायचं होतं, त्या गडबडीत पाण्याची अर्धी बाटली टेबलावर राहिली. फोन स्कूटरच्या डिकीत.

आजी हे सगळं सांगत असताना माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. एका हिंदू घराच्या देव्हाऱ्यासमोर आमच्या फादरांनी प्रार्थना करून ठेवली होती, आणि तीही माझ्यामुळे. यांचा मुलगा काय म्हणेल? सोसायटी काय म्हणेल? मी आजींच्या शेजारी खाली बसले, त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि सगळं खरं सांगितलं. फादर कोण, बाटलीत काय, घर कोणाचं, आणि माझा नवरा पिशवी घेऊन दारात कसा उभा आहे.

आजींनी टेबलावरच्या बाटलीकडे बघितलं. मी माफीची वाक्यं जुळवत होते.

“म्हणजे ते देवाचं पाणी होतं?” त्या म्हणाल्या.

“हो.”

“चांगल्या मनानं शिंपडलं ना त्यांनी?”

“हो, आजी.”

“मग माझा देव कशाला रागावेल? घरात पाहुणा आला, हात जोडून गेला.” त्या थांबल्या. “झुरळांचं तेवढं काय करायचं ते बघू.”

मग त्यांनी गुडघ्यावर हात टेकले आणि उठल्या. टेबलावरची बाटली घेतली, दाराला कडी घातली आणि मला म्हणाल्या की चला, तुमचं पाणी तुमच्या घरी पोचवूया. मी म्हटलं, लिफ्ट बंद आहे, तुम्ही कशाला येता? तर म्हणाल्या, तीन वर्षांत मी जिना उतरले नाही, आज बघते जमतं का. आम्ही दोघी एकमेकींना धरून उतरलो. कोण कोणाला आधार देत होतं हे सांगणं कठीण आहे. मला वाटतं त्याच देत होत्या.

आम्ही न्यू गुलमोहरात सहाव्या मजल्यावर पोचलो तेव्हा आगुस्तीन लिफ्टपाशी उभे होते, पिशवी खांद्यावर. मागे नेल्सन त्यांना काहीतरी पटवत होता. मी बोलायला तोंड उघडलं, पण आजी पुढे झाल्या.

“कुठे निघालात?”

“घरी,” आगुस्तीन म्हणाले. (आजी त्यांच्या डाव्या बाजूला उभ्या होत्या. मला हे तंत्र सुचलं नव्हतं.)

“मी पण तीन वर्षं निघतेय,” आजी म्हणाल्या. “मुलानं आणलं तेव्हापासून माझी पिशवी कॉटखाली भरलेली असते. दोन लुगडी, देवाची पोथी, औषधाची डबी. कोणी जरा बोललं की मनात म्हणते, उद्या जाईन. आज तुमचे ते फादर आले, म्हणाले कॉटखाली पण शिंपडतो. म्हणून पिशवी बाहेर काढली. त्यांनी विचारलं, आजी, कुठे जाताय? मी म्हटलं, कुठे नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा कोणी विचारलं. ते गेल्यावर मी ती रिकामी केली. लुगडी कपाटात ठेवली.”

 उघड्या दारात रोझीसुद्धा गप्प होती, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवते.

आगुस्तीननं आजींच्या हातातल्या बाटलीकडे बघितलं. “हे फादरांचं पाणी?”

“माझ्या मोरीतून उरलेलं,” आजी म्हणाल्या.

मग कित्येक आठवड्यांत न पाहिलेली गोष्ट झाली. आगुस्तीन हसले. हॉस्पिटलातून आल्यापासून ते हसले नव्हते, आणि मला वाटत होतं की तो त्या स्प्रिंगांचा दोष आहे. त्यांनी खांद्यावरची पिशवी नेल्सनच्या हातात दिली, बाटली घेतली आणि घरात शिरले. त्यांनी चपला काढल्या. टेबलावरच्या मूर्तीसमोर उभे राहून, ज्यांना चार माणसांत कधी बोलता आलं नाही त्या माझ्या नवऱ्यानं स्वतःच्या बोलीत मोठ्यानं प्रार्थना म्हटली. होडी पहिल्यांदा पाण्यात घालताना त्यांचे वडील म्हणायचे तीच. तिच्यात समुद्र होता, वारा होता, परत येणं होतं. घराचा उल्लेख कुठे नव्हता. कोणाला काही खटकलं नाही.

आजी मागून चालत होत्या आणि ते प्रत्येक खोलीत शिंपडत होते. स्वयंपाकघरात आजींनी ओट्याखाली बोट दाखवलं. त्यांनी तिथेही शिंपडलं.

फादर रॉनी अडीच वाजता धापा टाकत आले. अंत्यविधीनंतर फोन बघितला, तर नेल्सनचे सतरा मिस्ड कॉल आणि शेवटी त्यानं पाठवलेलं लोकेशन. लिफ्टमधून बाहेर पडताच त्यांना दारात जेवणाचं ताट घेऊन बसलेल्या आजी दिसल्या. (आजी शनिवारी मांसाहार करत नाहीत, म्हणून लविनानं त्यांच्यासाठी वरण-भात टाकला होता.) फादरांनी आजींकडे बघितलं, घराच्या नंबराकडे बघितलं, पुन्हा आजींकडे बघितलं.

“आजी, तुम्ही इथे? मग मी कुठे गेलो होतो?”

सगळं कळल्यावर ते स्टुलावर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मला वाटलं, रडतायत. खांदे हलत होते. मग कळलं, हसतायत. हसू आवरल्यावर त्यांनी पुन्हा रीतसर आशीर्वाद दिला, सगळ्या प्रार्थना, सगळं पाणी. मला म्हणाले की फिलोमिना बाई, तुमचा पत्ता चुकला, पण मी चुकीच्या घरी गेलो असं मला वाटत नाही. मी लगेच मान डोलावली. माझ्या चुकीचं इतकं चांगलं स्पष्टीकरण मला स्वतःला सुचलं नसतं.

त्या संध्याकाळी टेंपो उत्तनला गेला. आगुस्तीन गेले नाहीत. पिशवी कुठे ठेवू असं त्यांनी मला विचारलं, आणि मी कपाटाचा खालचा कप्पा दाखवला. त्यांनी शर्ट एकेक करून काढले आणि ठेवले. मी शेजारी उभी होते. मी काही बोलले नाही, आणि मला ओळखणाऱ्या लोकांना हे खोटं वाटेल.

आजींचा मुलगा दुसऱ्या दिवशी भेटायला आला. मी दार उघडताना घाबरले होते, पण तो पेढे घेऊन आला होता. आई जिना उतरली याचे ते पेढे. झुरळांचं म्हणाल, तर खरा औषधवाला त्या दुपारी आला आणि बंद दार बघून परत गेला. तरीही आजी छातीठोकपणे सांगतात की त्यानंतर घरात एकही झुरळ दिसलं नाही. (त्यांना मोतीबिंदू आहे, हे त्या सांगत नाहीत.) ही कीर्ती जुन्या गुलमोहरात पसरली. पुढच्या आठवड्यात फादर रॉनींना दोन फोन आले, ढेकणांवर चालतं का असं विचारणारे. त्यांनी मला हात जोडून विनंती केली की हा किस्सा कोणाला सांगू नका. मी आजवर तो फार थोड्या लोकांना सांगितलाय. आता तुम्ही.

आगुस्तीन इथे माझ्याआधी रुळले. सकाळी ते आणि शेवंतीआजी मासळी घ्यायला जातात. जुन्या गुलमोहराची लिफ्ट आता चालते. दोघेही मासेवालीशी भांडतात, एक उत्तनच्या बाजूनं, एक रत्नागिरीच्या. परत आल्यावर एकमेकांना काय ऐकू आलं नाही याची चर्चा करतात. आगुस्तीनला मी विचारलं की उत्तनची आठवण येते का. म्हणाले, येते. मग म्हणाले, समुद्र कुठे जात न्हाय, बसनं गेलो की दिसतो.

हे सगळं धर्मग्रामात कळलं, आणि गेल्या महिन्यात महिला मंडळानं मला भाषणाला बोलावलं. विषय होता, ‘उतारवयात नव्या जागी रुजताना श्रद्धेचा आधार’. मी पंचेचाळीस मिनिटं बोलले. बायबलमधल्या अब्राहामानं म्हातारपणी तंबू उचलला ते सांगितलं. माणसानं भिंतींत जीव गुंतवू नये, देव जिथे ठेवेल तिथे आनंदानं राहावं, बदलाला हसत सामोरं जावं, असं सगळं इतक्या आत्मविश्वासानं सांगितलं की दोन बायकांनी डोळे पुसले आणि एकीनं वहीत लिहून घेतलं.

त्याच भरात घरी आले. मी नव्हते म्हणून लविनानं मदत करायला येऊन स्वयंपाकघर आवरलं होतं, आणि मिक्सर ओट्याच्या उजव्या बाजूचा डाव्या बाजूला ठेवला होता. तिच्याशी मी दोन दिवस बोलले नाही.